सैल मळलेलं पीठ

चौथ्या चित्रात मी आहे हे मला आधी कळलंच नाही. दुपारची वेळ होती. मी खिडकीपाशी बसून दिव्याच्या वाती वळत होते आणि नात जमिनीवर पालथी पडून वही रंगवत होती. आजोबांनी दिलेला अभ्यास. येत्या रविवारी ह्यांच्या हौशी मासेमार मंडळाने तलावावर 'मुलांचा दिवस' ठेवला होता. मुलांनी नुसते मासे धरायला शिकू नये, मासे धरणाऱ्या तऱ्हेतऱ्हेच्या माणसांचा मान ठेवायलाही शिकावं, असं ह्यांच्या मनात आलं होतं. ह्यांच्या मनात असं काही आलं की ते आधी फलकावर येतं, मग कागदावर छापून येतं आणि शेवटी माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन पसरतं. कागदावर लिहिलं होतं : तुमच्या आसपास मासे धरणारी किती प्रकारची माणसं दिसतात? प्रत्येकाचं चित्र काढा आणि त्याच्याविषयी एक चांगली गोष्ट लिहा. नातीने चार चित्रं काढली होती. पहिले आजोबा, सतरा खिशांच्या जाकिटात. दुसरा दातांचा डॉक्टर, नावेत, समोर पडदा. तिसरा पुलाजवळ बसणारा घड्याळजी, हातात गांडुळांचा डबा. चौथी एक बाई होती. पांढरे केस, हातात स्टीलचा डबा, आणि तिच्या पायाशी पाण्यात इतके मासे की निळा रंग कुठे उरलाच नव्हता.

"ही कोण गं?" मी विचारलं.

"तू," ती म्हणाली. मान वर न करता, हिरवी पेन्सिल चावत.

खाली तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं : आजी कधी घाई करत नाही. ती रोज एकाच वेळी एकाच जागी पीठ टाकते. तिला गळसुद्धा लागत नाही. सगळ्यात जास्त मासे आजीकडे येतात. बाकीचे लोक तिच्या जागेच्या आसपास बसतात.

माझ्या बोटांतली वात उलटी वळली गेली. ती सोडवून मी परत कापूस ताणला. "मी मासे धरत नाही, बाळा," मी म्हटलं. "मी त्यांना खायला घालते. दोन्ही वेगळं आहे."

"काका म्हणाले वेगळं नाही म्हणून."

"कोण काका?"

"घड्याळकाका. ते म्हणाले, तुझी आजी म्हणजे ह्या तलावावरची सगळ्यात जुनी खेळाडू. अकरा वर्षं जागा तयार करतेय." मग तिने पेन्सिल तोंडातून काढली आणि माझ्याकडे पाहिलं, कौतुकाने. तेच मला सोसवलं नाही. मी उठले, कापसाची गुंडाळी डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि उगीचच स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मासे धरणाऱ्या माणसांविषयी मला काय वाटतं हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. सूर्य मावळून दिवा लागेपर्यंत कुणाला दुखवेल असा शब्द तोंडातून काढायचा नाही, हे माझं एक व्रत आहे; आणि दिवा लागल्यावर बोलायचं तर तेव्हा मी जपाला बसलेली असते. ह्यांना हे पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे ह्यांची सगळी भाषणं मला दिवसाउजेडी ऐकावी लागतात. पण तोंडाला कुलूप घातलं म्हणून आत काय शिजतं ते थांबत नाही. चौतीस वर्षं मी ह्यांना जेवणाच्या टेबलावर छोटा चिमटा रोवून गळाच्या आकड्याभोवती पिसं बांधताना बघते आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात ह्यांनी माझ्या उशीची शिवण उसवून पिसं काढली होती, आणि वर मलाच म्हणाले होते, "बघ, हुबेहूब माशी वाटते की नाही?" माशी. शिकलासवरलेला माणूस माशी बनवतो आणि माशाला फसवलं म्हणून दिवसभर हसत असतो. गळाच्या टोकाचा उलटा काटा ह्यांनी कानशीने घासून टाकलेला असतो, म्हणजे माशाला इजा होऊ नये. मग मासा वर येतो, ओल्या फळीवर त्याची लांबी मोजतात, त्याला छातीशी धरून फोटो काढतात आणि पाण्यात सोडताना म्हणतात, "जा बेटा." ज्याला सोडायचंच आहे त्याच्या ओठाला भोक कशाला पाडायचं, हे मी चौतीस वर्षांत विचारलेलं नाही. भूक नसताना ताटावर बसणारी माणसं मला कधी आवडली नाहीत.

तरी ह्यांच्यात निदान लाज आहे, काटा घासण्याइतकी. तो दातांचा डॉक्टर बघावा. आठवडाभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावतो आणि सुट्टीच्या दिवशी तळ्याच्या तोंडात. त्याच्या नावेत एक यंत्र आहे. खाली मासा असला की पडद्यावर हिरवा ठिपका हलतो. ह्यांनी मला एकदा मुद्दाम दाखवायला नेलं होतं. मी म्हटलं, "वा, फारच छान." मनात म्हटलं, एवढं दिसत असूनही रिकामा परत येतोस म्हणजे कमालच आहे. आणि तो घड्याळजी. त्याला तर मी मोजतच नव्हते. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान, दुकान म्हणजे काय, एक काचेची पेटी आणि मागे स्टूल. दहाला दुकान उघडायचं, त्याआधी पुलाजवळ येऊन बसायचं. झाकणाला भोकं पाडलेला गांडुळांचा डबा शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या शेजारी. ज्या बारीक चिमट्याने बायकांच्या मनगटी घड्याळातले स्क्रू उचलतो त्याच चिमट्याने हा वळवळतं गांडूळ उचलतो, हे मी स्वतः पाहिलं होतं, आणि त्या दिवसापासून माझं बंद पडलेलं घड्याळ त्याच्याकडे द्यायचं राहिलं ते राहिलंच. रोज सकाळी मी पायऱ्यांवर आले की तो टोपीला हात लावायचा. मी मान हलवायची. दारावरच्या पहारेकऱ्याला हलवतो तशी. मला वाटायचं, गरीब आहे, धरून खातो, पण देवाधर्माच्या माणसाला ओळखतो. एवढी अक्कल असते एकेकाला.

मी नळ बंद केला. हात पुसले. हा माझा चाळा आहे. तलावावरून आल्यावर मी तीनदा हात धुते, का ते मला कधी विचारावंसं वाटलं नाही. नोकरीतली सवय असेल. तीस वर्षं मी एका मोठ्या रुग्णालयाच्या फोनवर होते. कानाला यंत्र, पुढ्यात बटणं, आणि तोंडात एकच शब्द : जोडते. माझा आवाज मऊ म्हणून मला तिथे बसवलं होतं. रडणारे, भांडणारे, खोटं बोलणारे, डॉक्टरांची बायको आहे म्हणून सांगणाऱ्या दोन दोन बायका, सगळे माझ्या कानातून पलीकडे गेले. मी कुणाला वेडंवाकडं बोलले नाही. पण तीस वर्षं माणसांना नुसतं ऐकायचं, तेही त्यांना वाटत असताना की कुणी ऐकत नाही, म्हणजे मग माणसाविषयी काही फार चांगलं शिल्लक राहत नाही. घरी येऊन मी आंघोळ करायची आणि देवापुढे बसायची. देवाचा एक गुण आहे, तो फोन करत नाही.

मुलीने हे ओळखलं होतं. तिने लग्न ठरवलं तेव्हा मी जावयाविषयी एक अक्षर वाईट बोलले नाही. तो कुलुपं दुरुस्त करतो, हरवलेल्या किल्ल्या बनवून देतो. मी फक्त विचारलं होतं, "दुकान आहे का, की दारोदार?" मऊ आवाजात विचारलं होतं. बस, तेवढंच. ती जिन्यात उभी होती, हातात पिशवी, आणि म्हणाली, "आई, तू बोलत नाहीस गं. तुझा चेहरा बोलतो. तुझ्या लेखी कुणी माणूसच नाही." दोन वर्षं तिचा फोन आला नाही. ज्या बाईने आयुष्यभर लोकांचे फोन जोडले तिच्या घरचा फोन दोन वर्षं नुसता टेबलावर बसून होता. तेव्हा मी दोन्ही व्रतं घेतली. एक तोंडाचं. दुसरं, रोज सकाळी कुठल्यातरी जिवाच्या तोंडात घास पडल्याशिवाय आपण अन्नाला शिवायचं नाही. पहाटे उठायचं, आंघोळ, दिवा, मग पीठ मळायचं, सात वाजून दहा मिनिटांनी पुलाजवळच्या पायऱ्यांवर. पाऊस असो, थंडी असो. दोन वर्षांनी तिचा फोन आला तो ही मुलगी झाली म्हणून. मी व्रत सोडलं नाही. ज्याने दिलं त्याच्यासमोर लगेच हात झटकून उभं राहायचं, हे मला बरं दिसलं नसतं. आता ही नऊ वर्षांची आहे आणि सुट्टीत पंधरा दिवस माझ्याकडे येते. तिच्या आईने तिला पाठवावं हीच मोठी गोष्ट. ही घरी जाऊन सगळं सांगते. आजी काय करते, आजी कशी बोलते, आजी कुणाकडे बघून काय म्हणाली. आणि आता ही वही.

शुक्रवारी सकाळी मी नेहमीच्या जागी गेले. डबा उघडला, पिठाच्या गोळ्या सोडल्या. पाणी उकळल्यासारखं झालं. जाड ओठांचे, मिशांचे ते मोठाले मासे एकमेकांच्या पाठीवरून चढत येतात. तोंडं उघडतात, मिटतात. रोज ते बघताना माझ्या छातीत काहीतरी सैल होतं. त्याला मी भक्ती समजत आले होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा उजवीकडे नीट पाहिलं. दहा पावलांवर घड्याळजी. त्याच्या गळाच्या दोरीचं बूच पाण्यावर उभं होतं, अगदी तिथे, जिथे माझ्या पिठाचा पांढुरका ढग वाहत जातो. मी त्याच्यापाशी गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

"माझ्या नातीला काय सांगितलंत तुम्ही?" मी विचारलं. आवाज मऊच होता.

तो उठून उभा राहिला, टोपीला हात लावला. "खरं तेच सांगितलं, ताई. पोरगी हुशार आहे हो. मला विचारत होती, काका, तुम्ही इथेच का बसता. म्हटलं, तुझ्या आजीमुळे. असा चारा रोज, एका वेळेला, एका ठिकाणी, कोण टाकतंय? जागा अशी तयार होते ताई की मासा घड्याळ लावून येतो. मागे तुम्ही तापाने दोन दिवस आला नाहीत ना, मीही रिकामाच गेलो. बहीण म्हणाली, आज काय तलाव बंद आहे का. म्हटलं, तलाव आहे, आमच्या ताई नाहीत."

आमच्या ताई. "मी हे देवासाठी करते," मी म्हटलं.

"हो ना. चांगलंच आहे." त्याने बुचाकडे नजर टाकली, परत माझ्याकडे पाहिलं. मग अगदी संकोचत, धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला सांगतो तसं म्हणाला, "पीठ तुम्ही सैल मळता ते बरोबरच आहे. चाऱ्याला सैलच लागतं, पाण्यात विरलं पाहिजे. गळाला लावायचं झालं तर मात्र घट्ट हवं. आणि त्यात चिमूटभर कापूस कालवायचा. मग सुटत नाही. तुम्हाला कधी वाटलं तर."

मला कधी वाटलं तर. मी घरी आले, तीनदा हात धुतले आणि मग चौथ्यांदा धुतले. अकरा वर्षं मिळत असलेली ती टोपीची सलामी देवाला नव्हती. सोबत काम करणारा माणूस कारखान्याच्या फाटकात हात वर करतो, तशी होती. किती मासे गेले असतील त्याच्या पिशवीतून? माझ्या हातचा घास तोंडात असतानाच गेलेले. ज्या फोनसाठी मी हे आरंभलं तो फोन कशाच्या बदल्यात आला? असे प्रश्न मी स्वतःला विचारत नाही, कारण त्यांना उत्तर देणारा पलीकडे कुणी नसतो, हे मला फोनच्या बटणांपुढे बसून कळलं होतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. हे समोर बसून फलकावर काय लिहायचं ते वाचून दाखवत होते. 'प्रत्येक मासेमार आदरणीय आहे.' मग म्हणाले, "की 'सन्माननीय' बरं?" मी म्हटलं, "दोन्ही छान आहेत."

शनिवारी मी जागा बदलली. उपाय साधा होता, मला आधीच सुचायला हवा होता. तलावाच्या पलीकडच्या अंगाला घसरड्या पायऱ्या आहेत, तिथे कुणी बसत नाही. नात सोबत होती. मी गोळ्या सोडल्या. त्या एकेक करून खाली गेल्या, हिरव्या पाण्यात पांढऱ्या दिसेनाशा होईपर्यंत. कुणी आलं नाही. बऱ्याच वेळाने तीन बदकं आली आणि चोची आपटत काठावरचं पीठ खाऊन गेली. म्हणजे घास पडला. जिवाच्या तोंडात पडला. नियमात काही खोट नव्हती. मी डब्याला झाकण लावलं आणि समोर पाहिलं. पलीकडे, पुलाच्या सावलीत, माझ्या जुन्या जागी पाणी काळं दिसत होतं. पाठींनी. त्या पाठी हलत होत्या, तोंडं वर येऊन उघडत होती आणि रिकामीच मिटत होती. घड्याळजी आपल्या बुचामागे बसून होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, टोपीला हात लावला आणि सामान आवरायला घेतलं.

"वाट बघताहेत," नात म्हणाली.

"कोण?"

"सगळेच. मासे पण, काका पण." मग म्हणाली, "आजी, तू काकांवर रागावलीस का?"

"मी कुणावर रागवत नाही."

"आई म्हणते तसंच." ती पुढे चालायला लागली, पायाने खडे उडवत. आई काय म्हणते हे मी विचारलं नाही. मला तोंडपाठ होतं.

रविवारी तलावाच्या काठावर जत्रा भरल्यासारखं झालं होतं. बारा मुलं, बारा निळ्या टोप्या, आणि प्रत्येक मुलामागे मोबाईल धरलेला एक बाप. ह्यांच्या गळ्यात शिट्टी. फलकावर शेवटी 'आदरणीय' जिंकलं होतं. दातांचा डॉक्टर मुलांना आपला पडदा दाखवत होता. मुलं पडद्यावरचे ठिपके बघत होती, पाण्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं. मी डबा घेऊन पलीकडे निघाले होते, आणि ह्यांना चुकवून जावं म्हणून झाडामागून चालले होते, म्हणून मला ते ऐकू आलं. मुलांसाठी ह्यांनी नेमकी पुलाजवळचीच जागा निवडली होती, मासे इथे पुष्कळ आहेत म्हणून. का आहेत, हे ह्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. घड्याळजी तिथे नेहमीसारखा बसलेला. हे त्याच्यावर वाकून, खांद्यावर हात ठेवून बोलत होते. ह्यांचाही आवाज मऊ आहे, जरूर पडते तेव्हा. "आजचा एक दिवस जरा तिकडे सरकाल का? तसं काही नाही हो. पण मुलं आहेत. पहिल्यांदाच बघताहेत. ते गांडूळ, ती पिशवी... बरं दिसत नाही." घड्याळजीने मान हलवली. वाद नाही, काही नाही. डब्याचं झाकण लावलं, काठी घेतली आणि तो फलकाखालून वाकून निघाला, कारण फलक जरा खालीच बांधला होता.

पलीकडच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं दहा पावलांच्या अंतराने उभे राहिलो.   घड्याळजीने गळ टाकलासुद्धा नाही. इथे काही नाही हे त्याला माझ्याहून नीट ठाऊक होतं. समोरून शिट्टी वाजत होती. बारा काठ्या वर जात होत्या, बारा दोऱ्या हवेत गोल फिरून एकमेकींत अडकत होत्या. पिसांच्या माशा पाण्यावर पडत होत्या, आणि त्यांच्याखाली मासे पिठाची वाट बघत उभे होते. पिसांकडे एकानेही पाहिलं नाही. मला हसू आलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. अख्खं मंडळ, शिट्ट्या, जाकिटं, पडदे, आणि मासे माझ्यासाठी खोळंबलेले. एखादी बाई दिवाणखान्यात पाहुण्यांना ताटकळत ठेवून आत केस विंचरत बसते, तशी मी तिथे उभी होते. तेवढ्यात निळी टोपी घातलेली एक मुलगी रांगेतून बाहेर पडली आणि काठाकाठाने तलावाला वळसा घालून आमच्याकडे येऊ लागली. हातात काठी. चाल आईसारखी.

ती आली, धापा टाकत उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "आजोबांनी घालवलं ना तुम्हाला?"

"घालवलं नाही, बाळ. मीच आलो. इकडे ऊन कमी आहे," घड्याळजी म्हणाला. त्याच्या पाठीवर लख्ख ऊन पडलं होतं.

"चला," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळेना. आपली काठी काखेत मारून एका हाताने तिने त्याची पिशवी उचलली आणि दुसऱ्या हाताने माझा हात धरला. "तुझ्या जागी चल ना, आजी. तू नसलीस तर कुणालाच काही मिळत नाही."

मी हात सोडवू शकले असते. मी म्हणू शकले असते की माझ्या नेमाची वेळ टळते आहे. तिच्या आईने जिन्यात पिशवी उचलली होती तेव्हाही मला काहीतरी म्हणता आलं असतं. आम्ही निघालो. घड्याळजी मागे रेंगाळत होता, "ताई, तुम्ही व्हा पुढे, माझं काय," म्हणत होता. मी वळून म्हटलं, "या हो दादा." ह्या शब्दाने त्याचा चेहरा जरा गोंधळला. माझाही गोंधळला असावा.

पुलाजवळ आम्ही आलो तेव्हा मुलं कंटाळून दगड मारत होती. मी माझ्या पायरीवर उतरले, डबा उघडला आणि मूठभर पीठ सोडलं. पाणी फुटलंच. मुलं किंचाळत धावली, बाप धावले, डॉक्टर नाव सोडून आला. नातीने माझ्या डब्यातून चिमूटभर पीठ घेतलं, घड्याळजीने खिशातून घड्याळं पुसायचा कापूस काढला, दोघांनी मिळून ते बोटांत मळलं आणि घड्याळजीच्या गळाला वाटाण्याएवढं लावलं. कुणी मला विचारलं नाही. बूच पाण्यावर उभं राहिलं. "धर जरा, आजी, माझ्या बुटाची नाडी सुटलीय," ती म्हणाली आणि काठी माझ्या हातात आली.

काठी हलकी होती. नुसती हलकी नव्हे, जिवंत होती. पलीकडे कुणीतरी आहे हे फोन उचलताच कळतं, तसं काहीतरी तिच्यात होतं. बूच एकदा थरथरलं. मी थांबले. दुसऱ्यांदा थरथरलं. मी थांबलेच. मला कुणी शिकवलं नव्हतं. पण कुठला मासा नुसता हुंगतो आणि कुठला घेतो, हे रोज अकरा वर्षं पायाशी बघितलेल्या बाईला कुणी काय शिकवायचं? बूच बुडालं आणि माझं मनगट उचललं गेलं. मी उचललं नाही, ते उचललं गेलं, असं मी स्वतःला सांगणार होते, पण तेवढ्यात वजन आलं. दोन्ही खांद्यांत वजन आलं. आणि आनंद झाला. असा आनंद मला देवापुढे कधी झालेला नाही, हे सांगू नये, पण तो झाला.

"दमाने, ताई. ओढू नका. त्याला जाऊ दे, परत येईल," घड्याळजी कानाशी म्हणत होता. मासा गेला, परत आला, गेला, आणि शेवटी पायरीशी आडवा झाला. ह्यांनी गर्दीतून वाट काढली. आधी माशाकडे पाहिलं, मग गळाकडे. "पिठावर?" हे म्हणाले.

एकच शब्द. ह्यांनी नाकातून हवा सोडली, ओठ एका बाजूला किंचित ओढला, बस. मी तो सूर ओळखला. जन्मभर ऐकत आलेला सूर कुणी बाहेरून वाजवावा तसं वाटलं. तो ह्यांचा नव्हता, माझा होता. दुकान आहे का, की दारोदार, ह्यातला. मी तो कुलूप लावून आत ठेवला होता आणि समजत होते की कुणाला ऐकू जात नाही. नात नाडी बांधता बांधता थांबून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आणि घड्याळजी, तुम्हाला म्हटलं होतं ना मी," हे पुढे म्हणाले, "आज जरा तिकडे..."

"त्यांना मी बोलावलं," मी म्हटलं. आवाज मऊच निघाला. दुसरा मला येतच नाही. "ही जागा माझी आहे. अकरा वर्षं लागली मला ती तयार करायला. इथे कोण बसेल ते मी सांगीन."

ह्यांच्या गळ्यातली शिट्टी हलली. एक बाप हसला आणि हसू गिळून मोबाईल खाली केला. दुखवेल असा शब्द मी काढलेला नव्हता. घरी जाऊन मी प्रत्येक शब्द तपासला. पण हे दुखावले होते, आणि मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

"ह्याचं आता काय करायचं असतं?" मी घड्याळजीला विचारलं.

"न्यायचा असेल तर आत्ताच, तडफडत ठेवायचा नाही. सोडायचा असेल तर हात ओले करून घ्या. तुमचा आहे, ताई."

मी हात पाण्यात बुडवले. हाताला लागलेलं पीठ विरघळून गेलं. माशाच्या ओठातून त्याने आपल्या बारीक चिमट्याने गळ काढून दिला, एका हिसक्यात, रक्ताचा थेंबही न येता. स्क्रू काढावा तसा. मी मासा दोन्ही हातांनी धरला आणि पाण्याखाली नेला. तो थंड होता, जड होता, त्याचे कल्ले माझ्या अंगठ्यांशी उघडत मिटत होते. मी बोटं सैल केली. मला वाटलं होतं, सुटला की खोल पाण्यात नाहीसा होईल, पुन्हा इकडे तोंड दाखवणार नाही. तो हातभर पुढे गेला, वळला आणि माझ्या पायरीसमोर येऊन उभा राहिला. ओठाला भोक, आणि तोंड उघडं. पिठासाठी. मला त्याची कीव यायला हवी होती. मला त्याचा तिटकारा आला, आणि त्याच्या तोंडात घास टाकण्यासाठी माझा हात डब्याकडे गेला.

सोमवारी पहाटे मी उठले. आंघोळ केली, दिवा लावला. नात माझ्यामागे येऊन ओट्याला टेकून उभी राहिली, डोळे चोळत. मी परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, नेहमीसारखं सैल मळून डब्यात भरलं. मग परातीत परत थोडं पीठ घेतलं, पाणी अगदी जपून घातलं आणि घट्ट मळायला लागले.  मी देवघरात गेले, वातींच्या डब्याचं झाकण काढलं, कापसाच्या गुंडाळीतून चिमूटभर कापूस तोडला आणि तो पिठात दिसेनासा होईपर्यंत मळत राहिले.